दाताला कॅप बसवावी की व्हिनिअर लावावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅप आणि व्हिनिअर यांत नेमका फरक काय आहे?

कॅप, म्हणजे दंतवैद्यकात जिला क्राउन म्हणतात ती, हिरडीच्या वर दिसणारा दाताचा सगळा भाग चहूबाजूंनी झाकते. तासून लहान केलेल्या दातावर ती टोपीसारखी बसते आणि चावतानाचा भार स्वतःवर घेते. व्हिनिअर म्हणजे दाताच्या फक्त दर्शनी बाजूवर चिकटवलेला सिरॅमिकचा पापुद्रा. त्याची जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर, म्हणजे जवळपास बोटाच्या नखाइतकी असते, आणि चिकटवण्यापूर्वी तो चिमटीत जरा जोराने धरला तरी अंड्याच्या टरफलासारखा मोडतो. एकदा दाताला चिकटला की मात्र तो वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्याला पाठीमागून दाताचा आधार मिळतो. निवडीचा बहुतेक निकाल इथेच लागतो: व्हिनिअरला स्वतःचे बळ नसते, त्यामुळे ज्या दातात बळ उरलेले नाही त्यावर ते लावण्यात अर्थ नाही.

माझ्या दाताला यांपैकी काय लागेल, हे कशावरून ठरवतात?

दात किती शिल्लक आहे यावरून. रंग, फटी, आकार आणि हौस यांचा विचार त्यानंतर करायचा असतो. पेशंट खुर्चीत बसला की हातातल्या आरशात समोरचे सहा दात पाहत असतो, आणि आम्ही एक्स-रेमध्ये त्याच दातांच्या आतले पाहत असतो: कीड कुठवर गेली आहे, आधीचे भरण किती मोठे आहे, उभा तडा आहे का, मुळाभोवतीचे हाड शाबूत आहे का, आणि तोंड मिटल्यावर खालचे दात वरच्या दातांवर नेमके कुठे आपटतात.

दात आतून धडधाकट असेल आणि तक्रार केवळ दिसण्यापुरती असेल, तर व्हिनिअरचा विचार योग्य ठरतो. ब्लीचिंगने न गेलेले डाग, कोपऱ्याचा उडालेला टवका, समोरच्या दोन दातांमधली लहानशी फट, किंवा मधल्या दोन दातांच्या शेजारचा जन्मतःच तांदळाच्या दाण्यासारखा निमुळता राहिलेला दात, ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. याउलट दाताच्या दोन्ही बगलांना जुनी मोठी भरणे असतील, दात निम्म्याहून अधिक मोडला असेल किंवा तडा आत उतरला असेल, तर कॅपच हवी. दाढांच्या बाबतीत व्हिनिअरचा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. मात्र दाढेचा एखादाच कोपरा गेला असेल, तर पूर्ण कॅपऐवजी चावण्याचा पृष्ठभाग आणि तो मोडका कोपरा एवढेच झाकणारे ऑनले बसवता येते. हा तिसरा पर्याय पेशंटने विचारल्याशिवाय फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो.

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आधी हिरड्या बऱ्या कराव्यात आणि मगच या दोहोंपैकी कशाचेही माप द्यावे. सुजलेल्या हिरडीशी जुळवलेली कड सूज उतरल्यावर उघडी पडते.

रूट कॅनाल झालेल्या दाताला कॅप घालावीच लागते का?

दाढेला बहुतेक वेळा घालावी लागते. नस काढल्यामुळे दातातले पाणी आटते आणि तो ठिसूळ होतो, असे लोक समजतात. पण दाढ कमकुवत होते ती मुख्यतः किडीने पोखरल्यामुळे आणि नसेपर्यंत पोहोचण्यासाठी तिचे छत काढावे लागल्यामुळे. उरलेल्या भिंतींवर चावण्याचा भार आला की त्या बाहेरच्या बाजूला फाकतात आणि एखाद्या दिवशी भाजलेला शेंगदाणा चावतानाही दाढ उभी चिरते. अशी चीर दाढेच्या मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न घातलेले दात गमावण्याचे प्रमाण कॅप घातलेल्या दातांच्या सहापट आढळले होते. दुखणे थांबले म्हणून कॅपचे काम पुढे ढकलणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

समोरच्या दातांचे गणित वेगळे आहे. दात बाकी शाबूत असेल आणि रूट कॅनालसाठी मागच्या बाजूने लहानसे छिद्र केलेले असेल, तर ते दाताच्या रंगाच्या भरणाने बुजवले की काम भागते. असा दात पुढे राखाडी पडला, तर आतून ब्लीचिंग करून तो उजळवता येतो आणि तेवढ्याने भागले नाही तर व्हिनिअर लावता येते. तो अर्धा मोडलेला असेल, तर मात्र आत पोस्ट, म्हणजे मुळात रोवलेली आधाराची बारीक काडी, घालून वर कॅप बसवावी लागते. त्यासाठीही हिरडीच्या वर सभोवार दीड ते दोन मिलिमीटर तरी निरोगी दात उरलेला असावा लागतो. तेवढाही उरला नसेल, तर महागडी कॅप पोस्टसकट हातात येण्याचीच शक्यता अधिक.

दात किती तासावा लागतो?

प्रत्येकाने संमती देण्यापूर्वी विचारावा असा हा प्रश्न आहे, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ असून त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. तो तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे हाड जुळते किंवा कातडी भरून येते तसे इनॅमल पुन्हा येत नाही. वरच्या समोरच्या दाताच्या दर्शनी बाजूला मध्यभागी ते साधारण १ मिलिमीटर जाड असते आणि हिरडीजवळ त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी भरते.

व्हिनिअरसाठी दर्शनी बाजूचे अर्धा मिलिमीटरच्या आसपास इनॅमल काढतात. कॅपसाठी दाताच्या सर्व बाजूंनी १ ते दीड मिलिमीटर आणि चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर तासावे लागते. ठोस धातूच्या कॅपला याहून कमी पुरते. आकडे किरकोळ वाटतात, पण दातही केवढासा असतो! समोरच्या दातांवर २००२ सालीच झालेल्या एका मोजणीत व्हिनिअरसाठी दाताच्या हिरडीवरील भागापैकी ३ ते ३० टक्के, तर पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के भाग निघून जातो, असे दिसले. म्हणजे निरोगी दातावर निव्वळ शोभेसाठी कॅप घालायची, तर त्याचा दोन-तृतीयांश भाग चूळ भरण्याच्या भांड्यात सोडून द्यायचा. दातातली नस जिवंत असताना एवढे तासल्यावर ती काही दातांत पुढे दगा देते, आणि मग बसवलेल्या कॅपला भोक पाडून रूट कॅनाल करण्याची पाळी येते. दात मुळातच पोखरलेला असेल, तर कॅपसाठी निघणारा बराचसा भाग आधीच गेलेला असतो. तिथे हा हिशोब बदलतो आणि कॅप ही उधळपट्टी न राहता राखण ठरते.

‘व्हिनिअर’ म्हणून सांगितले आणि दात सगळीकडून तासून लहान केले, असेही होते का?

होते, आणि परदेशातही होते. ब्रिटनमधून स्वस्तात हसू बदलून घेण्यासाठी तुर्कस्तानात जाणाऱ्या तरुणांची छायाचित्रे काही वर्षांपूर्वी समाजमाध्यमांवर फिरली आणि ‘टर्की टीथ’ हा शब्दच रूढ झाला. त्यांतल्या अनेकांना आपण व्हिनिअर्स घेत आहोत असे वाटत होते. प्रत्यक्षात त्यांचे धडधाकट दात कॅपसाठी खुंट्यांसारखे तासलेले दिसत होते. ब्रिटिश डेंटल असोसिएशनने त्याबद्दल सावधगिरीचा इशाराही दिला होता.

लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्या-मुंबईत येऊन दातांची सगळी कामे उरकणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हेच सांगणे आहे: ‘व्हिनिअर’ हा शब्द ऐकून समाधान मानू नये. दाताची मागची बाजू तासणार का, एवढे थेट विचारावे. उत्तर ‘हो, पूर्ण’ असे आले, तर ती कॅप आहे. मग तिचे नाव काहीही असो.

एवढा पातळ पापुद्रा दातावरून निसटत कसा नाही?

पूर्वी निसटत असे. १९३० च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर असे पातळ मुखवटे बसवत, पण ते कवळी चिकटवण्याच्या पावडरीवर तात्पुरते टिकत आणि चित्रीकरण संपले की काढून ठेवावे लागत. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी फॉस्फोरिक ॲसिडने इनॅमल हलके खरखरीत केल्यास त्यावर रेझिन, म्हणजे लावल्यावर कडक होणारा प्लास्टिकसारखा पदार्थ, घट्ट पकड घेते, हे दाखवून दिले. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी सिरॅमिकची आतली बाजूही हायड्रोफ्लुओरिक ॲसिडने तशीच खरखरीत करण्याची रीत निघाली, आणि दोन्ही खरखरीत पृष्ठभागांत रेझिन शिरून घट्ट झाले की पापुद्रा आणि दात जणू एकजीव होऊ लागले.

यातला व्यवहाराचा मुद्दा असा की ही पकड इनॅमलवर सर्वांत भरवशाची असते. त्याखालच्या डेंटिनवर, म्हणजे दाताच्या आतल्या मऊसर थरावर, ती तितकीशी टिकाऊ नसते. म्हणून सगळे इनॅमल खरवडून लावलेल्या व्हिनिअरचा भरवसा कमी. चिकटवताना लाळेचा किंवा रक्ताचा थेंबही चालत नाही. त्या वेळी तोंडात रबराचा पडदा लावून ताटकळत ठेवणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नये.

नंतर नकोसे वाटले, तर व्हिनिअर काढून दात पूर्ववत करता येतो का?

नाही. व्हिनिअर काढता येते, पण त्याजागी दुसरे व्हिनिअर किंवा कॅप घालावीच लागते. ‘न तासता’ लावायची व्हिनिअर्सही मिळतात, आणि लहान किंवा आत झुकलेल्या दातांवर ती चांगली दिसतात. मुळात भरदार असलेल्या दातांवर लावली, तर ओठ पुढे आल्यासारखे वाटतात आणि हिरडीपाशी उंचवट्यावर अन्न साठते.

माझ्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. व्हिनिअर हाच उपाय आहे का?

डाग कशाचे आहेत ते आधी पाहावे लागते. चहा, पान आणि तंबाखू यांचे डाग दाताच्या बाहेर असतात आणि दात स्वच्छ करून घेतले की निघतात. मिशरी लावणाऱ्या आपल्याकडच्या अनेक स्त्रियांच्या दातांवरचा काळपट थर हा याच जातीचा. मात्र मिशरी, म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून चुरलेला तंबाखू, बोटाने वर्षानुवर्षे घासल्यामुळे हिरडी खाली सरकलेली आणि दात मानेशी झिजलेला असतो. अशा तोंडात पहिले काम मिशरी सुटण्याचे आणि गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, हे तपासून घेण्याचे. मिशरी चालू ठेवून लावलेल्या व्हिनिअरची कड बघता बघता काळी पडते.

फ्लोरोसिसचे डाग दातात मुरलेले असतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. वयाच्या साधारण आठव्या वर्षापर्यंत, कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना, असे पाणी पोटात गेले तर दात खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे घेऊनच उगवतात. सौम्य फ्लोरोसिसला वरवरचा थर हलका घासणे, ब्लीचिंग किंवा रेझिन मुरवणे यांनी चांगला उठाव येतो, आणि या क्रमानेच जावे. डाग गडद असतील तर व्हिनिअर. इनॅमलला खड्डे पडून टवके उडत असतील तर कॅप. फ्लोरोसिसचे इनॅमल ॲसिडला सहज दाद देत नाही, त्यामुळे व्हिनिअर चिकटवताना अधिक काळजी घ्यावी लागते. लहानपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध घेतल्याने आलेले करडे पट्टे सर्वांत चिवट असतात आणि पातळ व्हिनिअरमधूनही त्यांची छाया दिसू शकते.

लग्न पंधरा दिवसांवर आले आहे. तोवर व्हिनिअर्स होतील का?

घाईने केली तर कदाचित होतील, पण तशी ती करू नयेत. नीट काम करायचे, तर आधी मेणात नमुना घडवून तो तोंडात तात्पुरता लावून बघावा लागतो. बोलताना ‘स’ आणि ‘फ’ नीट उमटतात का, हसताना दात ओठाखाली किती दिसतात, घरच्यांना चेहरा परका वाटतो का, हे त्यातून कळते. त्यानंतर तासणे, माप, तात्पुरती व्हिनिअर्स, प्रयोगशाळेचे काम आणि चिकटवणे अशा भेटी होतात. आधी ब्लीचिंग करायचे असेल, तर ते झाल्यावर सुमारे दोन आठवडे थांबणे इष्ट, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनची पकड कमी करतो आणि रंगही स्थिरावायचा असतो. साखरपुड्याच्या सुमारास आलात तर सगळे सावकाश जमते. पंधरा दिवसांत करण्याजोगे काम म्हणजे दात स्वच्छ करून घेणे आणि फार तर घरी करायचे ब्लीचिंग, आणि बहुतेक वधूवरांना तेवढे पुरते.

रंग कसा निवडतात? कॅप शेजारच्या दातांपेक्षा वेगळी दिसेल का?

रंगासाठी दातांच्या आकाराच्या छोट्या पट्ट्यांची माळ असते आणि प्रत्येक पट्टीवर ए १, ए २, बी १ असे क्रमांक असतात. त्या तुमच्या दाताशेजारी धरून, शक्यतो दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून आणि दात ओला असतानाच रंग ठरवायचा असतो. कापूस लावून पंधरा मिनिटे कोरडा ठेवलेला दात तात्पुरता पांढरा दिसतो. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी मी काम संपल्यावर, ट्यूबलाइटच्या उजेडात, वाळलेल्या दाताशी पट्टी जुळवून एका शिक्षिकेच्या समोरच्या दाताला कॅप करून दिली होती. दोन दिवसांनी त्या शाळेच्या गटाचे छायाचित्र घेऊन आल्या आणि चाळीस माणसांत त्यांचा तो एकच दात आधी नजरेत भरत होता. कॅप मी पदरमोड करून बदलून दिली. तेव्हापासून रंग पहिल्या पाच मिनिटांत, खिडकीपाशी घेतो.

एकट्या समोरच्या दाताचा रंग जुळवणे हे या व्यवसायातले अवघड काम आहे. तिथे चांगल्या तंत्रज्ञाला वेळ द्यावा. कॅपवर किंवा व्हिनिअरवर ब्लीचिंगचा परिणाम होत नाही, म्हणून दात उजळवायचे असतील तर ते आधीच उजळवून घ्यावेत.

कॅप कोणत्या पदार्थाची घ्यावी?

निखळ धातूची कॅप दिसायला ओबडधोबड, पण मागच्या दाढेला उत्तम. तिला कमी तासावे लागते आणि तिचा टवका उडत नाही. निकेल असलेल्या मिश्रधातूची काहींना ॲलर्जी असते, म्हणून नकली दागिन्यांनी कानाला पुरळ येणाऱ्यांनी ते आधी सांगावे. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप अनेक वर्षे सर्रास वापरली गेली. हिरडी जरा सरकली की कडेला दिसणारी करडी रेघ हा तिचा दोष. झिरकोनिया हे सिरॅमिक फार मजबूत असल्याने दाढांना आणि दात खाणाऱ्यांना त्याची कॅप बरी. लिथियम डायसिलिकेट हे दुसरे सिरॅमिक झिरकोनियापेक्षा कमी मजबूत, पण प्रकाश खऱ्या दातासारखा आरपार जाऊ देते आणि ॲसिडने खरखरीत करून उत्तम चिकटते. समोरच्या दातांची व्हिनिअर्स आणि कॅप्स यांसाठी ते अधिक शोभते.

झिरकोनियाच्या कॅपबरोबर दहा-पंधरा वर्षांचे हमीपत्र देतात, त्याविषयी एक खुलासा. ती हमी कॅप फुटण्यापुरती असते. कॅपखालचा दात किडला, हिरडी सुजली किंवा दात हलू लागला, तर त्या कार्डाचा काही उपयोग होत नाही.

कंपोझिटचे व्हिनिअर स्वस्त पडते. ते घ्यावे का?

दाताच्या रंगाच्या भरणाचा पदार्थच दर्शनी बाजूवर थर देऊन घडवला की कंपोझिट व्हिनिअर होते. ते एका बैठकीत होते, अनेकदा तासावे लागत नाही आणि टवका उडाला तर जागेवर दुरुस्त करता येते. चार-सहा वर्षांत त्याची चकाकी जाते आणि हळद-चहाचे डाग धरू लागतात, हे खरे आहे. पण विशी-पंचविशीतल्या माणसाच्या एखाद्या फटीसाठी किंवा मोडलेल्या कोपऱ्यासाठी मी तरी पहिल्यांदा तेच सुचवतो. दात राखून ठेवला तर पुढे सिरॅमिकचा पर्याय खुलाच राहतो. अठरा वर्षांखालील मुलांना तर सिरॅमिकचे व्हिनिअर शक्यतो लावूच नये, कारण त्यांच्या दातातली नस मोठी असते आणि हिरडीची रेषा अजून सरकायची असते.

कॅप आणि व्हिनिअर किती वर्षे टिकतात?

नीट निवडलेल्या दातावर नीट केलेली सिरॅमिकची व्हिनिअर्स दहा वर्षांनंतर दहापैकी साधारण नऊ शाबूत असतात, आणि चांगल्या कॅपचेही मान याच्याच आसपास आहे. काही त्याहून कितीतरी अधिक टिकतात. मात्र पंचविसाव्या वर्षी लावलेले व्हिनिअर आयुष्यात दोन-तीनदा बदलावे लागेल आणि दर बदलाच्या वेळी दात थोडा आणखी झिजेल, असा हिशोब धरून चालावे.

कॅपला कीड लागत नाही. कॅपच्या कडेखालच्या दाताला लागते, आणि ती वरून दिसत नसल्याने उशिरा कळते. म्हणून कडेशी रोज ब्रश आणि दातांच्या फटीत फ्लॉस, म्हणजे दात साफ करण्याचा धागा, फिरवणे, तसेच सहा महिन्यांनी तपासून घेणे, हे दोन्हींना लागू आहे.

मी झोपेत दात खातो. मला व्हिनिअर चालेल का?

सरसकट नाही म्हणता येणार नाही, पण धोका वाढतो. झोपेत दात खाणाऱ्यांच्या दातांच्या कडा सपाट झिजलेल्या असतात, गालाच्या आत पांढरी रेघ उमटते आणि सकाळी जबडा आंबलेला असतो. अशांनी व्हिनिअर लावलेच, तर रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड, म्हणजे दातांचे घर्षण अडवणारे आवरण, कायमचा वापरावा लागतो. तो डबीत ठेवून देणाऱ्यांनी व्हिनिअरच्या वाटेला जाऊ नये. सुपारी चघळणारे, दाताने सोड्याचे बूच काढणारे आणि ऊस सोलून खाणारे यांनाही तेच सांगणे आहे. ऊस कापून गंडेऱ्या करून खाव्यात, आणि अडकित्ता असताना सुपारी दाताने फोडू नये.

काम करताना आणि नंतर दुखते का?

नस जिवंत असेल तर भूल देऊन तासतात, त्यामुळे दुखत नाही. नंतर काही दिवस गार पाण्याने दात शिवशिवतात आणि ते हळूहळू कमी होते. चावताना एकच दात आधी लागत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून दिवस काढू नयेत. लाल-निळा कागद चावायला देऊन उंच ठिकाण शोधणे आणि ते घासून बसवणे हे पाच मिनिटांचे काम असते, आणि ते न केल्यास दाताला ठणका लागतो. आपोआप येणारी, रात्री झोपेतून उठवणारी कळ हे नसेचे दुखणे समजून लगेच दाखवावे.

खर्च जास्त वाटतो. कमी खर्चात कुठे होईल? विमा मिळतो का?

शोभेसाठी केलेल्या दंतोपचाराचा खर्च बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत धरलेला नसतो. कॅपचा खर्च काही पॉलिसींत अटींसह मिळतो. आपल्या पॉलिसीतले बाह्यरुग्ण उपचारांचे कलम वाचून पाहावे. मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय, नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय इथे हीच कामे खाजगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतात. शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून खेपा अधिक होतात. ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने तिथे जाण्यात कमीपणा मानू नये. पैसे कमीच असतील, तर समोरच्या सहा व्हिनिअर्सपेक्षा रूट कॅनाल झालेल्या एका दाढेची कॅप आधी करावी.

कॅप किंवा व्हिनिअर निघून हातात आले तर काय करावे?

ते स्वच्छ धुऊन एखाद्या छोट्या डबीत ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत दाखवावे. रुमालात किंवा कागदात गुंडाळू नये. ते हमखास कचऱ्यात जाते किंवा धुण्यात हरवते. घरातल्या झटपट गोंदाने चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण तो तोंडातल्या वापरासाठी नसतो, हिरडी भाजू शकते, आणि कॅप वाकडी चिकटली तर कापूनच काढावी लागते. तोवर त्या बाजूने चावू नये. उघडा पडलेला दात शिवशिवत असेल, तर कोमट पाणी प्यावे आणि ब्रश हलक्या हाताने फिरवावा. कॅप निघाल्यावर महिनाभर थांबलात, तर शेजारचे आणि समोरचे दात त्या जागेत सरकतात आणि तीच कॅप मग पुन्हा बसत नाही. कॅपच्या आत दाताचा तुकडा अडकून आला असेल, तर तो तसाच ठेवून डॉक्टरांना दाखवावा. खाली बसवण्याजोगा दात उरला आहे की नाही, हे त्यावरून पुष्कळदा समजते.